उजवा हात

“यस, यू,” विजू म्हणाली आणि खिडकीजवळचा मुलगा उभा राहिला. उभा राहिला तो राहिलाच. फळ्यावर मराठीत वाक्य होतं, सागर माझ्यापेक्षा उंच आहे. इंग्रजी करताना ‘दॅन’च्या पुढे ‘आय’ घ्यायचं की ‘मी’, एवढंच त्याला सांगायचं होतं. इंग्रजीतलं ‘मी’ आणि आपलं मी कानाला एकच, त्यामुळे आमच्याकडची पोरं डोळे झाकून ‘मी’वर उडी मारत. याला तेवढंही सुचेना. त्यानं फळ्याकडे पाहिलं, विजूकडे पाहिलं आणि शेवटी स्वतःच्या चपलांकडे पाहायला लागला.

विजूनं त्याला बसवलं आणि दुसऱ्या बाकावरच्या मुलीला उठवलं. तिचाही हात वर होता. तीही उभी राहून गप्प. मग तिसरा. वर्गात सगळ्यांचे हात वर होते आणि उठवावं तो मुका होत होता.

मी शेवटच्या बाकावर बसले होते. माझ्या पुढे, दोन बाकांच्या मधल्या जागेत खुर्च्या टाकून आमचे मुख्याध्यापक नार्वेकर सर आणि बेळगावहून मुद्दाम बोलावलेल्या सबनीस बाई बसल्या होत्या. सबनीस बाईंनी उभा जन्म इंग्रजी शिकवण्यात घालवलेला. त्या हातातल्या घडीच्या पंख्यानं वारा घेत होत्या आणि तिसऱ्या मुलाच्या वेळी त्यांचा पंखा थांबला. त्या वर्गात काय बिघडलंय हे फक्त मला कळलं होतं.

पण हे सगळं कशासाठी चाललं होतं ते आधी सांगते.

ब्याऐंशी सालचा एप्रिल होता. विजयमाला तेऊरवाडकर आणि मी, मंदाकिनी खोराटे, आजऱ्याच्या एका शाळेत वर्षभर तासांवर इंग्रजी शिकवत होतो. तासांवर म्हणजे आज आहे, उद्याचं कुणी सांगितलंय. राहायला एक खोली, एक स्टोव्ह, एक पातेलं. पातेल्याची खरवड मात्र एकटी विजू खायची. भाताखालचा तो करपट, कुरकुरीत थर तिला पेढ्याहून प्यारा, आणि मला विचारायची पद्धत नव्हती. मीही कधी मागितली नाही.

फेब्रुवारीत नार्वेकर सरांनी आम्हा दोघींना बोलावून सांगितलं की जूनपासून इंग्रजीची एकच जागा कायम होणार आहे. दोघींनी एकेक पाठ घ्यायचा, बाहेरच्या जाणत्या माणसासमोर. जिचा पाठ उजवा ठरेल तिला जागा मिळेल. त्या दिवसापासून आमच्या खोलीतलं बोलणं रॉकेल आणि मीठ यांच्यावर आलं. आम्ही भांडलो असतो तर बरं झालं असतं. आम्ही फार सभ्य झालो. विजू खरवड उलथन्यानं मधोमध कापून निम्मी माझ्या ताटात वाढायला लागली, आणि मी ती घशाखाली ढकलायला लागले.

जागा दोघींनाही हवी होती. विजूची आई वर्षानुवर्षं काजू फोडायला जायची. काजूच्या टरफलात तेल असतं, ते कातडी जाळतं. त्या माउलीच्या बोटांना कातडी अशी उरलीच नव्हती. भाकरी थापताना तिला चटका कळायचा नाही, असं विजू सांगायची. नोकरी कायम झाली की आईला दुसऱ्या दिवशी घरी बसवायचं, हे तिनं ठरवून टाकलं होतं. माझं निराळंच. संकेश्वरच्या एका मोठ्या कापडदुकानवाल्यांनी मला मागणी घातली होती. माणसं चांगली, घर भरलेलं, पण सुनेनं नोकरी करायची नाही ही अट. मी शिमग्याला घरी जाऊन बाबांशी भांडून शेवटी कबूल केलं होतं, की कायम झाले तर संकेश्वरचं नाव काढायचं नाही, आणि नाही झाले तर मी एक शब्द बोलणार नाही. बाबांनी कॅलेंडरवर जून महिन्याचं पान दुमडून ठेवलं होतं.

पाठासाठी वर्ग निवडला आठवी क. आम्हा दोघींपैकी कुणीच त्या वर्गाला शिकवत नव्हतं, म्हणजे कुणाला फायदा नको. घटक जवळजवळ एकच, इंग्रजीतल्या तुलना आणि त्यात कुठलं सर्वनाम येतं ते. विजूला ‘दॅन’, म्हणजे पेक्षा. मला ‘ॲज-ॲज’, म्हणजे इतका. आदल्या दिवशी वर्गाशी ओळख करून घ्यायला एकेक तास मिळाला, विजूला दुपारच्या सुट्टीआधी आणि मला शेवटचा.

आता एक गोष्ट, जी त्या काळच्या कुठल्याही शिक्षकाला सांगावी लागणार नाही. तपासणीला कुणी आलं की सगळ्या वर्गानं हात वर करायचा असतो. हात कमी दिसले तर शिक्षक वाईट दिसतो. मग ज्याला येतं त्यानं उजवा हात करायचा, ज्याला येत नाही त्यानं डावा. पाहुण्याला हातांचं रान दिसतं आणि बाई फक्त उजवे वेचतात. मी लहान असताना मीही कितीतरी वेळा डावा हात ताठ वर धरून बसले होते. ओळखीच्या तासाला मी आठवी क-ला तेच सांगितलं, उद्या उजवा म्हणजे येतं, डावा म्हणजे येत नाही. मुलं एकमेकांकडे बघून हसली. मला वाटलं, युक्तीला हसली.

पुढच्या दिवशी शेवटच्या बाकावर बसले तेव्हा त्या हसण्याचा उलगडा झाला. विजू फक्त डावे हात उठवत होती, एकामागून एक. म्हणजे तिनं वर्गाला उलटं सांगितलं होतं. ती माझ्यापेक्षा हुशार. नार्वेकर सरांना आणि सबनीस बाईंना उजवा-डावा प्रकार ठाऊक असणार हे तिच्या डोक्यात आलं असणार, म्हणून तिनं येणाऱ्यांना डावा करायला लावला असणार. पण तिच्यानंतर मी वर्गावर गेले होते. मुलांनी शेवटचं ऐकलेलं खरं मानलं. आम्ही दोघी खोलीत एकमेकींशी बोलत असतो तर हे झालं नसतं, पण आम्ही मिठावर बोलत होतो.

समोर काळ्या पडलेल्या बोटांचे हात वर होते. त्या वर्गातली निम्मी मुलं शाळा सुटली की काजूच्या बिया फोडायला जात, आणि एप्रिलात गावभर भाजक्या काजूचा वास असतो तसा तो वर्गातही होता. उजवे हात नुसते शिवशिवत होते. मधल्या रांगेतली एक मुलगी तर बाकावरून अर्धी उठून उजवा हात हलवत होती. विजूच्या हिशेबी तिला काहीच येत नव्हतं, म्हणून विजू तिच्याकडे बघत नव्हती.

चौथा मुलगा उठला आणि गप्प राहिला. विजूच्या हातातला खडू मोडला. ती खाली वाकून तुकडा शोधायला लागली आणि उठलीच नाही पटकन. मी तिला वर्षभर ओळखत होते. ती रडू आवरत होती.

मला काही सुचलं वगैरे नाही. संकेश्वर आठवलं, हेही खरं. गप्प बसलं तर आपोआप सुटका आहे, कुणी मला बोल लावणार नाही, हे सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं. आणि मला ते बघवेना. वर्षभर मी दाराआडून तिचे तास ऐकले होते. तिच्यासारखं शिकवणं माझ्या ऐकण्यात नव्हतं, आणि ती बाई खडूचा तुकडा शोधत खाली बसली होती. मी उजवा हात वर केला.

विजू उठली तेव्हा तिला सगळ्या वर्गाच्या वर माझा हात दिसला. मी तो खाली घेतला नाही. उभी राहिले तरी घेतला नाही.

“बाई, मला एक शंका आहे,” मी म्हणाले.

नार्वेकर सर गर्रकन वळले. सबनीस बाई सावकाश वळल्या. मुलांना तर सर्कस आल्यासारखं झालं. मोठ्या बाई बाकावरून हात वर करून बोलताहेत, असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

“बोला,” विजू म्हणाली. तिची नजर माझ्या हातावर होती.

“आईचा माझ्यापेक्षा दादावर जास्त जीव आहे. याचं इंग्रजी करायचं. मदर लव्हज दादा मोअर दॅन, आणि पुढं? इथंही आयच म्हणायचं का?”

विजू माझ्या हाताकडे पाहत राहिली. मग वर्गाकडे पाहिलं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उमटलं ते बघून माझा जीव भांड्यात पडला. कळलं होतं तिला.

“कोण सांगतंय?” तिनं विचारलं, आणि मधल्या रांगेतल्या उजव्या हाताच्या मुलीला उठवलं.

“आईचा जीव कुणावर कमी हाय ते बघायचं, बाई,” ती मुलगी धडाधड बोलायला लागली. “कमी माझ्यावर हाय. मग ‘मी’ यायला पायजे, ‘आय’ न्हाई.”

“का गं?”

“आई करती न्हवं माया. मी कुठं करतोय?”

वर्ग हसला. विजूही हसली, आणि ती हसली की तिचा तास सुरू होतो हे मला माहीत होतं. ती म्हणाली, वाक्य अर्धवट टाकायचं नाही, शेपूट लावायचं. सागर उंच आहे, कुणापेक्षा? मी आहे त्यापेक्षा, म्हणून दॅन आय ॲम. आई दादावर माया करते, कशापेक्षा? ती माझ्यावर करते त्यापेक्षा, म्हणून दॅन शी लव्हज मी. आणि तिथं चुकून आय घातलं तर काय होईल? मागच्या बाकावरून एकजण ओरडला, मग दादावर आईची माया जास्त आणि माझी कमी असं हुईल. बरोबर, विजू म्हणाली, आणि ते खरं असेल तर तसंच लिही. मुलं खदखदायला लागली. घरोघरी कुणाची कुणावर माया जास्त आहे याची वाक्यं फळ्यावर पडली आणि प्रत्येकाला शेपूट लागलं. काहींनी नादात दोन्ही हात वर केले. घंटा झाली तेव्हा कुणाला उठायचं नव्हतं.

पुढचा तास माझा. मी फळ्यापाशी गेले आणि विजू माझ्या जागी जाऊन बसली. मी तोंड उघडणार एवढ्यात सबनीस बाईंनी पंखा मिटला आणि मुलांना सांगितलं, की या तासाला कुणीही हात वर करायचा नाही. उजवा नाही आणि डावाही नाही. बाई ज्याला विचारतील त्यानं उत्तर द्यायचं.

नार्वेकर सर छताकडे बघायला लागले. माझा पाठ कसा झाला म्हणाल तर झाला. वाईट नव्हता. सागर रघूइतका उंच आहे, मी सागरइतकी उंच नाही, एवढं मुलांना आलं. विजूच्या शेपटाचा मला फार उपयोग झाला. ॲज टॉल ॲज आय ॲम, असं मुलं माझ्या आधी म्हणत होती. पण कुणी हसलं नाही, आणि घंटा झाल्याबरोबर सगळी उठली.

दुपारी ऑफिसात आधी विजूला बोलावलं. मी बाहेर व्हरांड्यात उभी होते. ती बाहेर आली ती माझ्याकडे न बघता सरळ जिना उतरून गेली. डोळे लाल. मला वाटलं, हातांचं प्रकरण तिच्यावर शेकलं. आता माझ्यावर शेकणार म्हणून मी आत गेले.

सबनीस बाईंनी मला बसायला सांगितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, मागच्या बाकावरून हात का वर केलात. मी उत्तर तयार करून गेले होते. विद्यार्थ्यांच्या मनातल्या शंका, वर्गात चैतन्य, असं बरंच. तोंडातून निघालं ते दुसरंच.

“बाई, बघवेना.”

“काय बघवेना?”

“ती इतकं चांगलं शिकवते आणि पोरं मख्ख उभी.”

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. “आमच्या वेळी मूठ आणि पंजा असायचा,” त्या म्हणाल्या. “उघडा पंजा म्हणजे येतं. मुठी आवळून निम्मा वर्ग बसायचा. आमचे तपासनीस म्हणाले होते, वर्ग फार तावातावानं शिकतोय.” नार्वेकर सर मोठ्यानं हसले आणि आपण हसायला नको होतं असं वाटून थांबले. मला वाटलं, एवढ्यावर सुटले. पण बाईंनी चष्मा परत लावला.

“आता एकाच वाक्यात उत्तर द्या, इंग्रजीत. वर्षभर एका खोलीत राहता. तुमच्या दोघींत जास्त चांगलं कोण शिकवतं?”

पंख्याची घडी उघडली, मिटली. आम्ही दोघी सारख्याच, असं सांगून सुटता आलं असतं. सकाळी वर्गाला मी तेच तर शिकवलं होतं, हिच्याइतकी ती. खोटं आहे असं कुणी म्हणालं नसतं, आणि संकेश्वरही चार बोटं लांब राहिलं असतं. बाबांनी दुमडलेलं कॅलेंडरचं पान मला स्वच्छ दिसलं. मग तो वर्ग दिसला, घंटा झाल्यावर न उठणारा.

“शी टीचेस बेटर दॅन आय डू,” मी म्हणाले. शेपटासकट.

आणि काय सांगू, मला हलकं वाटलं. फेब्रुवारीपासून मी मनातल्या मनात मापं काढत होते. तिचं अक्षर, माझं अक्षर. तिचा आवाज, माझा आवाज. तिच्या वर्गातून हसू आलं की माझं तोंड कडू व्हायचं. ते सगळं एका वाक्यात संपलं. नोकरी गेली हे कळत होतं, आणि तरी घट्ट चप्पल काढल्यासारखं पायांना बरं वाटत होतं.

सबनीस बाई नार्वेकर सरांकडे बघून म्हणाल्या, “तिनंही हेच सांगितलं.”

माझे डोळेच भरून आले. विजूनं माझं नाव घेतलं? तिच्या आईची बोटं बाजूला ठेवून? मी घाईघाईनं बोलायला लागले, की बाई, तिनं माझं नाव घेतलं असेल तर ते धरू नका, ती मैत्रीखातर बोलली असणार, तिला नोकरीची फार गरज आहे.

“तुमचं नाव कुठं घेतलं?” बाई म्हणाल्या. “ती म्हणाली, आय टीच बेटर दॅन शी डज. स्पष्ट म्हणाली. आणि मग रडायला लागली.”

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि हसू फुटलं. ऑफिसात, दोन मोठ्या माणसांसमोर, तोंडावर हात धरून मी हसत होते. वाईट वाटायला हवं होतं, ते थोडं वाटलंही. पण विजू तशीच होती. खरं असेल तर तसंच लिही, असं सकाळी वर्गाला सांगून आलेली बाई दुपारी वेगळं काय बोलणार होती?

“दोघींची साक्ष एकच पडली, नार्वेकर,” सबनीस बाई म्हणाल्या. “मग आपण तरी वेगळं कशाला सांगायचं?”

सरांनी मान हलवली. जागा विजूची झाली. मी पदर सावरून उठले तर बाईंनी मला पुन्हा बसवलं. आता त्या मला अगंतुगं करायला लागल्या होत्या.

“डोंगरात एक शाळा आहे. आमच्या ओळखीच्या लोकांनी काढलेली. वीज नाही, एसटी दिवसाला एकदा येते आणि पावसाळ्यात तीही येईल असं नाही. तिथली मुलं कधी हातच वर करत नाहीत, उजवाही नाही आणि डावाही नाही. लाजतात. दोन मास्तर येऊन पळून गेले. मला तिथं असं कुणीतरी पाहिजे, जे त्यांच्याआधी स्वतः हात वर करेल. तू जाशील?”

“कायम?” मी विचारलं.

“तिथं टिकेल तो कायमच.”

मी हो म्हटलं. त्यांना बहुधा अजून पुढं काही सांगायचं होतं, जळवांबद्दल वगैरे, पण मी हो म्हणून मोकळी झाले होते. त्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत राहिले. जळवा होत्याच. संकेश्वरच्या दुकानाला पुढं दुसरी सून मिळाली आणि ऐकते की गल्ल्यावर तीच बसते. बाबांना तेवढं ऐकवायची संधी मी सोडली नाही.

पण तो दिवस अजून संपायचा होता. संध्याकाळी खोलीवर गेले तर दार उघडं, स्टोव्ह थंड आणि विजू उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसलेली.

“मंदे,” ती म्हणाली, “आत जाऊन मी काय बोलले ते तुला ठाऊक न्हाई.”

“ठाऊक आहे.”

“मी तुझ्याविरुद्ध बोलले गं. तू माझ्यासाठी हात वर केलास आणि मी असं बोलले. दुसरं तोंडातून येईनाच. मी किती प्रयत्न केला, दोघी सारख्या म्हणून सांगायचा.”

“मी पण केला,” मी म्हणाले. “मलाही आलं नाही.”

तिला ते कळायला थोडा वेळ लागला. मी काय सांगितलं ते तिनं विचारलं, मी सांगितलं. मग ती उठून माझ्या अंगावरच आली. येडी का काय तू, संकेश्वरला जाऊन आता कापडाचे तागे उलगडत बसणार का, आता मी त्या शाळेत तोंड कसं दाखवू, असं ती बोलत सुटली. तिला थांबवून डोंगरातल्या शाळेचं सांगेपर्यंत माझा घसा कोरडा पडला. दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा तिला वाटलं मी तिची समजूत घालतेय.

मग तिनं पाण्याचे हबके मारून तोंड धुतलं आणि स्टोव्ह पेटवला. घनसाळ तांदूळ शिजायला लागला तसा खोलीभर वास सुटला. फेब्रुवारीपासून आम्ही त्याच तांदळाचा भात खात होतो, पण वास मला त्या दिवशीच आला. आईला उद्याच सांगायला जाते, विजू म्हणत होती. सांगते, आता बिया दुसऱ्यांनी फोडायच्या आणि तू नुसत्या खायच्या. मग ती माझ्याकडे वळली.

“एक विचारू? तू हात वर केलास तेव्हा तुला नोकरी नको झाली होती व्हय?”

“हवी होती की.”

“किती?”

“तुझ्याइतकीच.”

तिचे डोळे पुन्हा भरायला लागले होते आणि तिला ते नको होतं.

“इंग्रजीत सांग,” ती म्हणाली.

“ॲज मच ॲज यू.”

“शेपूट?”

“ॲज यू डिड.”

“हं,” विजू म्हणाली आणि माझ्या ताटात भात वाढला. मग पातेलं मांडीवर घेऊन तिनं उलथन्यानं कडेनं खरवड सोडवली. मी सवयीनं ताट पुढं केलं, निम्मी यायची म्हणून. तिनं माझ्या ताटाकडे पाहिलंही नाही. सगळीच्या सगळी खरवड, मला न विचारता, स्वतःच्या ताटात घेतली आणि कुरूम कुरूम खायला लागली.